वहीत मी वैशालीचं नाव लिहिलं

वैशाली वारली, हे मला तिच्या मुलीच्या रजेच्या मेसेजवरून कळलं.

"माझी आई आज सकाळी गेली, त्यामुळे मी क्लासला येऊ शकणार नाही." इंग्लिशमध्ये. एकही चूक नाही.

मीच शिकवलंय तिला. डोंबिवलीत माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, तुम्हाला माहीत आहेच. त्याच्या पोस्ट टाकून तुमचं डोकं खात असते मी.

"वैशाली माझी मैत्रीण होती" असं आधी इथे लिहिलं होतं मी. खोडलं.

आठवीत आम्ही दोघी मोहन्याहून शेअर रिक्षाने कल्याणला इंग्लिशच्या क्लासला जायचो. दोघी मराठी मीडियमच्या.

क्लासमध्ये मराठी बंद. जो बोलेल त्याचं नाव मॉनिटरने वहीत लिहायचं. मग त्याने तेच वाक्य सगळ्यांसमोर उभं राहून इंग्लिशमध्ये सांगायचं.

मॉनिटर मी होते. त्यामुळे माझं नाव वहीत कधीच नसायचं. हुशार होते ना.

वर्षाच्या शेवटी पालकांसमोर भाषण कोण करणार, ते वहीवरून ठरायचं. वैशालीचंही नाव एकदाही आलेलं नव्हतं. आणि ती माझ्यापेक्षा चांगलं बोलायची. हे मला तेव्हाही कळत होतं.

एका संध्याकाळी बाई फळ्याकडे वळल्या तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"आईच्या छातीत गाठ आलीय गं. कोणाला सांगू नकोस."

मी वही उघडली आणि तिचं नाव लिहिलं.

तिने मला लिहिताना पाहिलं.

बाईंनी तिला उभं केलं. ती सॉरी म्हणाली. बाई म्हणाल्या, सॉरी नको, वाक्य सांग. तिला गाठीला शब्द सापडेना, म्हणून तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं. मागची मुलं हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर "ट्यूमर" लिहिलं आणि सगळ्यांना अर्थासकट उतरवून घ्यायला लावलं.

मीही उतरवून घेतलं. चांगल्या अक्षरात.

भाषण मी केलं. बाईंनी विषय दिलेला, "माझी आई". टाळ्या भरपूर पडल्या.
तोवर वैशालीची आई गेलेली होती.

दोन वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन माझ्या क्लासमध्ये आली. मी मुलीसमोरच तिची माफी मागितली, रडले. माझ्याकडे तसली वही नाही, हेही दोनदा सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. तू चांगलं शिकवतेस असं कळलं म्हणून आलेय, एवढंच म्हणाली.

मग मुलीकडे वळून, अगदी साध्या आवाजात,

"मॅडम शिकवतील ते सगळं शिक. घरातलं मात्र यांना काही सांगायचं नाही."

मला वाटलं, टोमणा आहे. राग निवळेल हळूहळू.

मुलगी एकही दिवस न चुकवता यायची. मी दर वेळी विचारायचे, हाऊ इज युअर मदर?

ती उभी राहायची. "माय मदर इज फाईन, मॅम. थँक यू फॉर आस्किंग."

आणि मी बाकीच्यांना सांगायचे, बघा, उत्तर असं पूर्ण वाक्यात द्यायचं असतं.

मेसेज वाचून मी दिवा स्टेशनजवळ त्यांच्या घरी गेले. मुलीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत गेली. शेजारीण म्हणाली, दीड वर्षं केमो चालू होती. वैशालीच्या आईसारखीच, छातीत गाठ. पोर हॉस्पिटलमधून थेट क्लासला जायची म्हणे.

मी पाणी न पिता परत आले.

वैशाली, तुला श्रद्धांजली वाहणारी मी कोण.

तुझ्या मुलीने शेवटपर्यंत तुझं ऐकलं, एवढंच तुला कळवते.