भिंतीतले पिंपळ

कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, 'भिंतींवर उगवणाऱ्या वन्य रोपांची वाढ आणि तग' हा माझा एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय. खरं काम म्हणाल तर मी पिंपळ उपटत होते. पक्षी पिंपळाची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडतं, पावसात रोप येतं. त्यातली कोणती रोपं उन्हाळा काढतात आणि त्यासाठी मूळ किती खोल जावं लागतं, हे मला शोधायचं होतं. मूळ मोजायचं तर रोप अखंड बाहेर काढायला हवं. मग ते धुवायचं, मोजायचं, कॉलेजातल्या भट्टीत वाळवायचं आणि तोलायचं.

आमची बौद्ध वस्ती. विहाराच्या अंगणात एक पिंपळ होता आणि आमच्यासाठी तो बोधिवृक्ष. त्याचं गळालेलं पान पायाखाली येईलसं दिसलं तर आई ते उचलून कडेला ठेवायची. मी काय करते हे तिला कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मुळासकट?"

शास्त्रात असं करावंच लागतं, असं मी तिला ठसक्यात सुनावलं. बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. त्यांनी फटी कोरायला मला आपला एक बारीक स्क्रू ड्रायव्हर दिला आणि आईला म्हणाले, "पोरगी शिकतेय, शिकू दे तिला."

रोपं सापडायची जुन्या नाशकात, दगड-चुन्याच्या भिंतींत. पहिल्याच घरातल्या काकू दारात अडून उभ्या राहिल्या. "पिंपळ आहे गं तो. भिंत फोडतोय मेला, पण आमच्यात त्याला कुणी हात लावत नाही." मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. राहतेस कुठं? तेही सांगितलं. या दोन प्रश्नांनंतर काय होतं ते मला लहानपणापासून पाठ होतं, म्हणून मी पिशवी उचलायला वाकले. पण काकूंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग काढ की. तुला काही नाही त्याचं."

रोप निघाल्यावर त्यांनी मला ओटीवर बसवून चहा दिला. त्यांच्याच घरातल्या, निळ्या फुलांच्या कपात.

संध्याकाळी बाबा कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले. मी आज जुन्या नाशकात गेले होते हे त्यांना माहीत होतं. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "चहा दिला का?"

"दिला."

"कशात?"

"कपात. घरातल्याच."

बाबांचं लहानपण चांदवडकडच्या एका खेड्यात गेलं. तिथल्या हॉटेलात आमच्या माणसांचा कप बाहेर वळचणीला ठेवलेला असे. चहा वरून ओततील तो प्यायचा, कप आपणच विसळून परत तिथं ठेवायचा. त्या संध्याकाळी ते जेवताना दोनदा हसले. पुढे मी जुन्या नाशकात जाऊन आले की पहिला प्रश्न तोच असायचा.

काकूंनी शेजारी सांगितलं असावं, कारण मला बोलावणी यायला लागली. आमच्याकडेही आलाय बाई एक, मोरीच्या भिंतीत, येऊन काढून ने. मी अगदी हुरळून गेले. शिक्षणानं माणसं बदलतात, असं भाषण मी घरी दिलं. प्रबंधाचे मार्गदर्शक सरही खूश होते. एवढे नमुने त्यांच्या आधीच्या कुठल्याच विद्यार्थ्याला मिळाले नव्हते.

असंच एका घरी बोलावलं होतं. आजोबा नुकतीच पूजा आटोपून मागच्या अंगणात आले. वीतभर रोप होतं, पानं कोवळी तांबूस. मी फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला तेवढ्यात ते शेजारी येऊन उभे राहिले, रोपाला हात जोडले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "देवा, मी काढत नाहीये. ही काढतेय."

मग त्यांनी पाठ फिरवली.

तुला काही नाही त्याचं. काकूंचं ते वाक्य मला तेव्हा कळलं. मला घरात घेतलं जात होतं ते ज्याला हात लावायचा नाही त्याला हात लावण्यासाठी. आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या अशीच बोलावणी आली होती. पिंपळ आमचा कोण लागतो, हे त्या गल्लीत एकानंही विचारलं नव्हतं. पण मी तरी कुठं सांगितलं होतं? लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली मला, आणि ती अजून गेलेली नाही.

मी रोप काढलं. नीट, एकही मूळ न तोडता. आतून चहा आला, कपात. तोही मी प्यायले.

हे काम आता बंद, असं ठरवूनच मी घरी आले. बाबा दारातच बसले होते.

"दिला का?"

"दिला."

"कशात?"

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझा धीरच झाला नाही. "कपात," मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी परत त्या गल्लीत गेले, कारण नमुने पुरे व्हायचे होते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाबा रजा टाकून आले आणि बाहेर बाकावर बसले. दार उघडंच होतं. परीक्षकांनी कौतुकानं विचारलं, लोक पिंपळाला हात लावू देत नाहीत, मग एवढी रोपं तुम्हाला मिळाली कशी?

"लोक स्वतःहून बोलवायचे, सर," मी म्हणाले.

बाबांनी ते ऐकलं. नंतर कितीतरी वर्षं घरी कुणी पाहुणा आला की ते सांगायचे, "हिला जुन्या नाशकातली माणसं स्वतःहून घरी बोलवायची. कपात चहा द्यायची." ते सुरू झालं की मी चहा टाकायचं निमित्त करून आत जायची. तिथं आई कप विसळत असायची. तिनं मान वर केली की मी साखरेचा डबा शोधायला लागायची.