पोरीचं जमेपर्यंत

बारा एप्रिल. बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्या खानदेशी पापडांसाठी, ज्वारीचा घाटा ढवळते आहे. ही लसणाची आंबूस वाफ आली की सुनंदाची गच्ची आठवते.

सुनंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, त्याच आठवड्यात तिच्याकडे बिबडे होते. ओल्या कापडावर आम्ही ते थापत होतो. तिच्या सासूबाई, अक्का, जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "कोनले सांगू नका. पोरनं लगीन जमू द्या, मंग ऑपरेशन करा. मायले कॅन्सर शे समजनं तं पोरले कोन पसंत करी?"

सुनंदा हसली. "बरोबर आहे त्यांचं. गाठ काय पळून जातेय?"

"गाठ नाही, तू जाशील," मी म्हणाले.

तेव्हा अक्का दुष्ट वाटल्या. आता माझ्या मुलीला बघायला येणारे पाहुणे आधी आमच्या आजारांची चौकशी करतात. अक्का खरंच बोलत होत्या, याचीच जास्त चीड येते. सुनंदा मुलीचं लग्न पाहून गेली. व्याह्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

त्या वेळी, बिबडे थापले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी अक्कांना सांगितलं होतं, "कुणाला सांगणार नाही, पण थांबणारही नाही." जळगावच्या दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटेल, म्हणून ऑपरेशनसाठी सुनंदाला धुळ्याच्या बसमध्ये बसवलं आणि शेजारी बसले.