आईचं ठाण्याचं काम

"बरं झालं आईला घेऊन आलीस. आमची बाई आज आलीच नाही."

सरांच्या बायकोने दार उघडल्यावर म्हटलेलं पहिलं वाक्य हे. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. ठाण्याला घोडबंदर रोडवर त्यांनी नवीन फ्लॅट घेतलेला, त्याची वास्तुशांत होती. सर स्वतःहून म्हणालेले, आईलाही आण. मला त्याचं केवढं वाटलेलं. आईने माझ्या एमएच्या पदवीदानाला नेसलेली साडी काढली. वाटेत खण-नारळ घेतला. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणाली.

खण-नारळ तिच्या हातातच राहिला. मॅडमनी आम्हाला सरळ किचनमध्ये नेलं. सिंकमध्ये खरकट्या ताटांचा ढीग. आईने एकदा ढिगाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. नारळ खिडकीत ठेवला. पदर खोचला.

मी तिचा हात धरला. ती हळूच म्हणाली, "गप. तुजं काम हुंदे."

मग मीही तिच्या शेजारी उभी राहून घासायला लागले. हॉलमध्ये सर पाहुण्यांना सांगत होते की ही माझी विद्यार्थिनी, अगदी घरच्यासारखी. घरच्यासारखीला पंगतीत नाही बसवलं. निघताना मॅडमनी डबा भरून दिला. घरी जाऊन खा म्हणाल्या. डबा परत आणू नका, असंही म्हणाल्या.

का, ते मला कळलं. आईला तर माझ्या आधी कळलं. पहिल्या भेटीत सरांनी माझं आडनाव विचारलेलं. मग गाव. मग हसून म्हणालेले, वा, तुमच्यातली मुलं आता पुढे येतायत.

आम्ही आंबिवलीला राहायचो. मी अजून तिथेच आहे. वडिलांची कंपनी बंद पडली, मग वडील खचले, मग गेले. आई कल्याणमध्ये धुणीभांडी करायची. मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात तासावर समाजशास्त्र शिकवायचे. तासावर म्हणजे शिकवलं तेवढ्याचे पैसे, तेही येतील तेव्हा. सुट्टीत काहीच नाही. म्हणून संध्याकाळी ठाकुर्लीत क्लास घ्यायचे. कायम नोकरीसाठी पीएचडी हवी. पीएचडीसाठी सरांची सही हवी.

माझा विषय होता बंद पडलेल्या कंपन्यांमधल्या कामगारांच्या बायका. सर कष्टकऱ्यांवर भाषणं द्यायचे. बोलताना त्यांचा गळा दाटून यायचा. ते ऐकूनच मी त्यांच्याकडे गेलेले.

प्रबंध लिहून झालेला. सर वाचतच नव्हते. कधी दौरा, कधी परीक्षा, कधी नुसतं 'बघू'. मी हेलपाटे घालत राहिले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आई ते बघायची.

त्याच दिवसांत ती म्हणाली, ठाण्याला एक काम मिळालंय. त्यासाठी कल्याणचं एक घर सोडलं. मी म्हटलं, अगं एवढ्या लांब कशाला, तुझे गुडघे बघ. माणसं चांगली आहेत म्हणाली. सकाळी माझ्या आधी निघायची, थकून यायची. मी तिचे गुडघे शेकायचे आणि पुन्हा प्रबंध घेऊन बसायचे.

एक दिवस सरांचा फोन आला. सही करतो, दुपारी घरी ये. मी उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. स्टेशनबाहेर पेढे घेतले.

बेल वाजवली. दार आईने उघडलं.

हात ओले. पदर खोचलेला. वास्तुशांतीला नेसलेली साडी नाही, रोजची, उसवलेल्या काठाची. तिने मला बघितलं आणि मान खाली घातली. चोरी करताना पकडल्यासारखी.

मला वाटलं आपण चुकून आपल्याच घरी आलो. असं काहीतरी वाटलं. डोकं चालेना.

आतून सर म्हणाले, "ये, ये. तुझी आई फार समजूतदार बाई आहे. इतके महिने येते, एक पैसा घेत नाही. म्हणते, पोरीचं काम होऊ दे."

कौतुकाने सांगत होते. खरंच कौतुकाने.

माझा प्रबंध टेबलावर होता. सरांनी पेनाचं टोपण काढलेलं. मी प्रबंध उचलून छातीशी धरला. म्हटलं, "सर, ही सही नको मला." मी आईला म्हटलं, चप्पल घाल.

सर आधी हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "एवढा माज बरा नाही. तुमच्यासारख्यांना हात देऊन वर काढायचं, आणि वर हे ऐकायचं."

मी दारात उभी होते. आई आत उभी होती. ती निघेना. म्हणाली, "वटा पुसायचा ऱ्हायलाय."

आणि तिने तो किचनचा ओटा पुसला. पूर्ण. कोपऱ्यासकट. फडकं पिळून वाळत घातलं. मी दारात उभी राहून बघत होते. मला त्या घराच्या काचा फोडायच्या होत्या.

बस स्टॉपवर ती माझ्यावर भडकली. आयुष्यात पहिल्यांदा.

"वाया घालवलंस. माजं एवढ्या दिसांचं काम वाया घालवलंस. आज सई हुनार हुती."

मी काय सांगणार होते तिला? स्वाभिमान? तो शब्द मी वर्गात फळ्यावर लिहायचे. तिच्यासमोर तो मला उच्चारता आला नाही. पेढ्यांचा पुडा तसाच पिशवीत होता.

पुढे व्हायचं तेच झालं. सरांनी सही केली नाही आणि मार्गदर्शकही बदलू दिला नाही. पुढच्या वर्षी कॉलेजने मला बोलावलं नाही. आई बोलायला लागली माझ्याशी, पण जेवढ्यास तेवढं. शेजारणींना सांगायची, पोरीचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं, माझ्यामुळं राहिलं. पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मला नापास समजूनच गेली.

हे मला कुणी भरून देऊ शकत नाही. डिग्रीही नाही.

आता कल्याणच्या एका मॅडमकडे मी पीएचडीसाठी पहिल्यापासून नोंदणी केलीये. दुसऱ्या कॉलेजात तासावरच शिकवते. विद्यापीठात सरांविरुद्ध लेखी तक्रार केली. या मॅडम चांगल्या आहेत, तरी काळजीने म्हणाल्या की मागे घे, त्यांची माणसं सगळीकडे आहेत, तुझा व्हायवा अडकेल.

मी त्यांना सांगितलं, अडकू दे.

आईने भांडी घासून मला शिकवलं, हे मी कुठेही उभी राहून सांगेन. त्या भांड्यांचं मोल तिने घेतलं होतं, ताठ मानेने. ठाण्याच्या भांड्यांचं मोल तिला मिळालं नाही. ते मी मागणार आहे. पैशात नाही. त्या माणसाला विद्यापीठाच्या चौकशी समितीसमोर बसवून, त्याच्या तोंडून, माझ्या आईचं नाव वदवून. इतके महिने ती त्याच्या घरी राबली. त्याला तिचं नाव माहीत नाही. त्याला ते माहीत करून घ्यावं लागेल.

तक्रार मी मागे घेणार नाही.