कांताकाकूंनी ‘नेक्स्ट’ दाबलंच नाही

१२ जून. चार महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. कामात होते हे खरं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं हे जास्त खरं... परवा मात्र किन्हीराजा या गावी एक गोष्ट घडली.

तिथे बायकांच्या गटाची देशी बियाण्यांची बँक आहे. पेरणीआधी बियाणं न्यायचं, पीक आलं की परत आणून द्यायचं. कोणाच्या शेतातली ज्वारी, कोणती तूर, किती उगवली... या नोंदींसाठी मी त्यांना एक छोटा प्रोग्राम करून दिलाय. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, सुट्टीत हे उद्योग. तीन वर्षांपूर्वी त्यांची वही बंद झाली तीही माझ्याच आग्रहाने.

परवा प्रोग्रामची नवी आवृत्ती घेऊन गेले. तिथे नेट धड चालत नाही, म्हणून सगळं एकाच सेटअप फाईलमध्ये बांधलं होतं. पेनड्राइव्ह लावा, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. वाशिमहून जाताना बसमध्ये मी स्वतःवरच खूश होते.

पण गटाच्या अध्यक्ष कांताकाकू ‘मला मान्य आहे’ या खिडकीपाशी थांबल्या. गटाचा नियम आहे, सगळ्यांना वाचून दाखवल्याशिवाय कशालाच होकार नाही. काकूंनी चष्मा लावला आणि मी कुठून तरी उचलून मराठीत केलेला तो करार सात-आठ जणींना मोठ्याने वाचून दाखवला. अक्षर न् अक्षर...

“नुकसान झालं त बनवनारा जबाबदार नाही, असं लिवलं वं पोरी. मंग जबाबदार कोन, मी?”

“काकू, ते सगळेच लिहितात.”

“सगळे लिवतात म्हनून तू बी लिवलं? तुले कायचं भेव वाटून राह्यलं?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मग मलाच ते बटण दाबवेना. “एकदा तपासते,” म्हणून त्यांच्या नोंदींची प्रत माझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या प्रोग्राममध्ये घेतली आणि सेटअप आधी तिथे चालवला.

प्रोग्राम उघडला... पाटी कोरी. माझा सेटअप जुना प्रोग्राम काढताना नोंदींचं अख्खं फोल्डरच उडवत होता. मी वीसेक वेळा तरी चाचणी केली असेल, पण दर वेळी रिकाम्या प्रोग्रामवर! त्यांच्या कॉम्प्युटरवर चालवला असता तर पेरणीच्या तोंडावर तीन वर्षांचं सगळं गेलं असतं.

लपवावंसं क्षणभर वाटलं, हेही लिहून ठेवते. मग सरळ सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, “बरं झालं न मंग, आमी हळू वाचतो ते. चाय घे, थंडा होऊन राह्यला.”

एवढ्या मायेने मला आजवर कोणी नापास केलं नव्हतं.

आज सेटअपमधली ती चूक दुरुस्त केली आणि तो करारही काढून टाकला. त्या जागी एकच वाक्य आहे, ‘काही बिघडलं तर मला कळवा, मी येईन.’ हे झेपेल का, असा विचार बराच वेळ केला. पण निदान या वाक्याची भीती वाटत नाही.

उद्याचं काम: किन्हीराजाच्या नोंदींची पुन्हा प्रत घेऊन, आधी माझ्याच लॅपटॉपवर जुन्यावर नवं बसवून बघायचं.