वर्नाबाईंना कधीच न झालेली ओकारी

चूक माझीच. दोन गठ्ठे एका टेबलावर ठेवू नयेत, ही अक्कल मिनेसोटातल्या आमच्या कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात पाच वर्षं काढूनही मला आली नव्हती. एका गठ्ठ्यात विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या होत्या. शेजारी होती छपाई नीट उठते का ते बघायला आमच्या टंकलेखिका वर्नाबाई टॉलेफसन यांनी भरून दिलेली एक प्रत. खिडकीतून वारा आला, कागद उडाले, मी हाताला येईल तसे गोळा केले आणि एकशे बावीस माणसांची एकशे तेवीस झाली.

प्रयोग असा होता. माणसाला त्याच्या खाण्यापिण्याच्या सवयी विचारायच्या. आठवड्याने त्याच्या हाती एक छापील कागद द्यायचा, की बाबा, तुझ्या उत्तरांवरून संगणकाने तुझं लहानपण शोधून काढलंय. त्यात कुणालाही लागू पडतील अशा चार गोष्टी आणि मधोमध एक थाप: ‘लहानपणी अंड्याचं सॅलड खाऊन तुम्ही आजारी पडला होतात.’ मग किती जणांना ते ‘आठवतं’ ते मोजायचं. शेवटी यादीतल्या प्रत्येकाला समोर बसवून खरं सांगायचं, हा नियम. बिंग फुटू नये म्हणून तो थापेचा कागद मी वर्नाबाईंना न देता स्वतः छापला होता. तोच आता त्यांच्या टपालाच्या कप्प्यात जाऊन पडला. यादीत त्या नव्हत्याच.

वर्नाबाई एकतीस वर्षं त्या खुर्चीत बसल्या होत्या. या काळात चार विभागप्रमुख येऊन गेले आणि चौघांनाही त्यांनी एकदा तरी ‘शी’ म्हटलं होतं. कपाच्या बुडाशी सुकलेली कॉफी, शी. फ्रिजमध्ये कुणीतरी विसरलेलं दही, शी. एकदा स्मरणशक्तीवरचा साडेतीनशे पानांचा प्रबंध टाइप करून दिला आणि म्हणाल्या, “शी! एवढ्या पानांत एकसुद्धा माणूस नाही.” हा सोवळेपणा आईकडून आला होता. त्यांची आई इंगा भांडी पुसायची फडकी रोज उकळायची म्हणे. “माझ्या आईच्या फरशीवर शस्त्रक्रिया करता आली असती,” हे वाक्य तर विभागातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

त्या आईचं एक पिवळं भांडं होतं, काठाला टवका उडालेलं. चर्चच्या तळघरात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आमचं सहभोजन असतं, प्रत्येक घरातून एक पदार्थ. वर्नाबाई सव्वीस वर्षं त्या भांड्यातून अंड्याचं सॅलड आणायच्या. इंगाबाईंचीच कृती: भरपूर मोहरी, सेलरी इतकी बारीक की दाताला कळू नये. पाद्रीसाहेब प्रार्थना आटोपती घ्यायचे ते त्या भांड्यावर एक डोळा ठेवून.

त्या रविवारी वर्नाबाईंनी आणल्या दुकानातल्या, पत्र्याच्या डब्यातल्या शेंगा, आणि त्याही डब्यासकट.

“वर्ना, सॅलड कुठाय?” पाद्रीसाहेबांनी विचारलं.

“नाव काढू नका. पोटात ढवळतं.”

“अगं, पण सव्वीस वर्षं...”

“सव्वीस वर्षं मी मूर्ख होते.” मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, “कर्टिस, मी सात वर्षांची होते. आईनं भांडं खिडकीत उन्हात ठेवलं होतं, दुपारभर. वर माश्या. तेच तिनं मला वाढलं. मी बाबांच्या चर्चला जायच्या बुटात ओकले. हिरवी फरशी होती, आंबूस वास अजून नाकात आहे. आणि हीच बाई मला फडकी उकळायला शिकवायची! शी!”

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मी हरखलो. उन्हासकट, माश्यांसकट, बुटांसकट आठवण! एकशे बावीस जणांत एकाचीही इतकी रसरशीत नव्हती. दुसऱ्या क्षणी यादीपेक्षा एक प्रश्नावली जास्त कशी भरली ते उलगडलं आणि ताटातलं सगळं मला ओकारीसारखं दिसू लागलं. एका मेलेल्या, स्वच्छ बाईच्या स्वयंपाकघरात मी माश्या सोडल्या होत्या.

सोमवारी सकाळी खुलाशाचा छापील कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वर्नाबाईंनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि दोन बोटांनी धरून लांब केला, मेलेला उंदीर धरावा तसा.

“म्हणजे ते सॅलडचं खोटं?”

“हो.”

“पण मागच्या कागदात तर खरं म्हणून लिहिलं होतंस.”

“ती थाप होती, वर्नाबाई.”

“आणि ही थाप नाही कशावरून? अक्षरं तीच, यंत्र तेच, माणूसही तोच.”

“तुमच्या बहिणीला विचारा!”

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून थोरल्या अर्डिसबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. “उन्हात? आई? वेडी झालीस का? आणि हिरवी फरशी आपली नव्हती गं, बस-थांब्याच्या उपाहारगृहाची होती ती!”

वर्नाबाईंनी फोन ठेवला. मग खालच्या खणातून पिवळं भांडं काढलं. जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकायला वर्तमानपत्रात बांधून आणलं होतं. कागद सोडवला, टवक्यावरून अंगठा फिरवला, नाक लावून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

“कळतंय मला, घाण नाहीये. पण पोटाला कोण सांगणार? शनिवारी आईच्या कबरीवर गेले होते मी, फुलं न घेता. उभ्याउभ्या तिला सुनावलं.”

काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हणालो, “पण वर्नाबाई, निदान आता आईंवर राग तरी उरला नाही ना?”

“आईला मी शनिवारीच माफ केलं, तुझं अजून ठरायचंय.”