वाय-फायची बंद फाईल

हर्षा झाडे पवनारच्या एका छोट्या वाचनालयात कॉम्प्युटर शिकवते. घरी भाजीपाल्याची शेती. आई, आनंदाबाई, सकाळच्या बसनं मेथी-पालकाच्या जुड्या घेऊन वर्ध्याला जाते. हर्षाही त्याच बसनं कॉलेजला जायची. तिथंच तिला मुक्त सॉफ्टवेअरचं वेड लागलं. ज्यांचं आतलं लिखाण कोणालाही वाचता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं, असे प्रोग्रॅम. मैत्रिणी नोकरीसाठी पुण्याला गेल्या, ही गावात राहिली आणि वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरांवर तिनं फक्त असलीच सिस्टिम घातली.

वाचनालय चालवणारे लक्ष्मणराव निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. कॉम्प्युटर त्यांना फारसा कळत नव्हता, पण ही गोष्ट मनापासून पटली होती. कोणी पाहुणा आला की त्याला त्या खोलीत नेऊन म्हणायचे, "आमच्या इथं लपवलेलं काईच नाई. पाह्यचं असन तर उघडून पाहा." ते ऐकलं की हर्षाला मोठं बरं वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात ते जुने कॉम्प्युटर एकापाठोपाठ एक बंद पडले. नागपूरच्या एका ऑफिसनं आपले वापरलेले लॅपटॉप वाचनालयाला दिले. पातळ, देखणे, पण इंटरनेटची वायर खोचायला जागाच नाही. सगळा कारभार वाय-फायवर. हर्षानं त्यांच्यावर डेबियन ही आपली नेहमीची मुक्त सिस्टिम घातली. सगळं सुरू झालं, फक्त वाय-फाय दिसेना.

कारण तिला ठाऊक होतं. वाय-फायच्या चिपला जागं व्हायला तिच्या स्वतःच्या सूचना लागतात. त्याला फर्मवेअर म्हणतात. ती फाईल चिप बनवणारी कंपनी देते, पण बंद करून. आत काय लिहिलंय ते कोणाला वाचता येत नाही. पूर्वी डेबियनवाले अशा फायली बाजूला ठेवत. २०२२ साली त्यांनी आपसात मतदान घेतलं आणि सिस्टिम घालायच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच त्या द्यायचं ठरवलं. नको असतील तर तसं सांगायची सोय ठेवली. हर्षानं दरवेळी नको असंच सांगितलं होतं. याही वेळी तेच सांगितलं.

वाचनालयात काजल यायची. तिला नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायची होती, आणि सराव सगळा ऑनलाइन. घरी एकच फोन, तो भाऊ कामावर घेऊन जायचा.

"ताई, नेट काऊन नाई येऊन राह्यलं?" तिनं विचारलं.

हर्षानं समजावून सांगितलं. काजलनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ती फाईल टाकली तर नेट येते?"

"येते."

"अन् फाईल आपल्यापाशी आहे?"

"आहे."

काजल तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. हर्षानं आपला फोन चार्जिंगच्या वायरनं त्या लॅपटॉपला जोडून दिला. नेट सुरू झालं. बाकीच्या मुली आपली पाळी कधी येते म्हणून बसून राहिल्या. हर्षाची नजर त्या फोनवर गेली. हा तर नखशिखांत बंद फायलींनीच भरलेला. मग आपण नेमकं काय पाळतोय?

असं काही दिवस चाललं, आणि मग काजल यायची बंद झाली. एकदा बसस्टॉपवर भेटली. वर्ध्याच्या एका खाजगी कॉम्प्युटर सेंटरमध्ये सरावाला जात होती.

"ताई, तुमचं बरोबरच असन," ती म्हणाली. "पण मले नेट पायजे होतं." बस आली आणि ती चढून गेली.

हर्षा तशीच गुरुजींच्या घरी गेली. फाईल टाकू का, म्हणून विचारलं.

"आत काय आहे ते तुले माहीत नाई?"

"नाई."

"मंग पोरींसमोर कशी ठेवतं? आजवर नाई ठेवली ना आपण?"

आता खरं सांगावंच लागणार होतं. तिलाही ते हल्लीच, याच भानगडीवर वाचताना नीट उमगलं होतं. "गुरुजी, जुन्या कॉम्प्युटरांत होतंच की. मदरबोर्डात, हार्ड डिस्कमध्ये, सगळीकडं बंद सूचना होत्या. फक्त त्या कारखान्यातूनच भरून आलत्या. आपल्याले टाकाव्या लागत नव्हत्या, म्हणून दिसल्या नाईत."

"म्हणजे आधीच आत असलं तर चालते, अन् आपण हातानं टाकलं तर बाटते?"

"काई लोक तसंच म्हणतात. ते म्हणतात, जे बदलताच येत नाई ते यंत्राच्या लोखंडासारखं, त्याचाच भाग समजा. दुसरे म्हणतात, उलट फाईल असली तर निदान दिसते तरी, उद्या कोणी तिच्या जागी खुली लिहिन."

"अन् तुले काय वाटते?"

"सकाळी एक वाटते, संध्याकाळी दुसरं."

गुरुजींनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "याच्यातही असन मंग तसलंच?"

"हो गुरुजी. याच्यातही आहे."

पण यंत्र टेबलावर होतं. त्यांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी ते पुन्हा कानात घातलं आणि थकल्या आवाजात म्हणाले, "इतके वर्स मी पाहुण्यांले काय सांगत होतो मंग?"

खोटं नव्हतं, असं हर्षाला म्हणायचं होतं. पण पूर्ण खरं होतं असंही म्हणता येईना.

"तू कर तुले पटते तसं," गुरुजी शेवटी म्हणाले. "मले काई समजून नाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या लॅपटॉपवर फाईल टाकली. काम क्षणात झालं. वरच्या कोपऱ्यात वाय-फायची खूण उमटली, मुलींनी टाळ्या वाजवल्या. हर्षा हसली, पण आपण जिंकलो की हरलो ते तिला कळेना. तिनं काजलला निरोप धाडला. काजलनं उत्तर पाठवलं, सेंटरमध्ये आता ओळखी झाल्या आहेत, तिथंच बरं आहे. त्यात राग नव्हता, हेच हर्षाला जास्त लागलं.

पुढच्या बॅचला ती पहिल्या दिवशी म्हणाली, "इथलं जवळजवळ सगळं तुम्हाले उघडून वाचता येते." एका मुलीनं लगेच विचारलं, "काय नाई येत?" हर्षानं तिला ती फाईल उघडून दाखवली. पडदाभर अगम्य खुणा. मुलगी म्हणाली, "हे तर कोनालेच नाई समजणार." हर्षा म्हणाली, "कंपनीले समजते." मग ती मुलगी आपल्या जागेवर जाऊन दुसऱ्या कामाला लागली.

त्या संध्याकाळी आनंदाबाई अंगणात मेथी निवडत बसली होती.

"झालं ना तुयं नेट चालू?"

"झालं."

"मंग तोंड काऊन असं?"

"आई, आत काय आहे ते माहीत नसलेली वस्तू मी पोरींच्या हाती दिली."

"मी भेंडीचं बी विकतचं आनतो. त्याच्यात काय आहे ते मले कुठं माहीत असते?"

"ते वेगळं आहे," हर्षा म्हणाली. थोड्या वेळानं तिला वाटलं, तितकं वेगळं नाही. मग पुन्हा वाटलं, वेगळंच आहे. ती आईजवळ बसली आणि जुड्या बांधू लागली.