कोरड्या लाकडांची छपरी

द्रौपदा अक्का आमची शेजारीण. तिच्या परसात आणि आमच्या परसात एकच भिंत, आणि ती भिंत कोणाची यावरून माझ्या सासूबाई भागाबाई आणि अक्का यांचं मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून वाजलेलं होतं. सण आला की दोघी एकमेकींकडे पुरणपोळीचं ताट पाठवायच्या, दुसऱ्या दिवशी भिंतीवरून पुन्हा सुरू. मला त्या भांडणाची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर मी परसात जाऊन बघायची.

आमचं गाव पिंपळनेरच्या अलीकडे, पांझरेच्या काठी. धुळ्याकडे लोक पावसाची वाट बघतात, आमच्याकडे श्रावणात झड लागली की तो कधी थांबेल याची वाट बघतात. एक्क्याऐंशी साली अशाच झडीत अक्काचा नवरा, शालिग्रामभाऊ, गेला. आमच्याकडे कोणी वारलं की घरटी एक लाकूड आणि चार गोवऱ्या स्मशानात पोचवायची रीत आहे. रीत चांगली आहे, पण झडीत कोरडं लाकूड कोण हातचं सोडतो? घरची चूल पेटायची मारामार असते. जो तो अंगणात भिजत पडलेला ओंडका खांद्यावर घेतो आणि आपलं काम झालं म्हणतो. आमच्या घरूनही तसलाच गेला.

बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळे तिथे काय झालं ते आम्हाला उशिरा कळलं. सरण पेटेना. रेशनचं रॉकेल घराघरातून गोळा केलं, सायकलचे जुने टायर आणले, तरी धूरच. एकुलता एक मुलगा वाल्मीक, नुकती मिसरूड फुटलेला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. घरी येऊन भिंतीला टेकून बसायचा, अन्नाला शिवायचा नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा अक्का त्याच्यासमोर ताट धरून बसली होती. त्यानं मान फिरवली. मग म्हणाला, "माय, बठ्ठं जयनं नही."

बापाचं शरीर पूर्ण जळलं नव्हतं, आणि ते तीन दिवस या पोरानं पाहिलं होतं. अक्कानं ताट खाली ठेवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. मला तिथून उठता येईना आणि बसवेना.

वर्षश्राद्ध उरकलं, पाऊस सरला आणि अक्कानं परसात माती कालवायला घेतली. मी भिंतीवरून विचारलं, काय बांधताय? म्हणाली, लाकडं ठेवायला खोली. त्यात काही विशेष नव्हतं, सरपण सगळ्यांनाच लागतं. पण अक्का स्वतःच्या चुलीला पऱ्हाट्या आणि तुराट्याच लावत राहिली, आणि बाभळीचे, धावड्याचे जाड ओंडके काही त्या खोलीतून बाहेर येईनात. तेव्हा गावाच्या ध्यानात आलं की बाई स्वतःच्या सरणाचं लाकूड साठवते आहे.

यावरून केवढा गहजब झाला. जिवंतपणी सरण भरणं म्हणजे यमाला पाट मांडून बोलावणं. सासूबाई तर पदर खोचून भिंतीशी उभ्या राहिल्या.

"आमनी भिंतले सरण टेकाडू नको, द्रौपदे."

"भिंत तुमनी शे हाई कोनी सांगं?" अक्का म्हणाली. म्हणजे तिथेही मुद्दा भिंतीचाच.

खरा राग आला तो वाल्मीकला. "तू जित्ती शे आनी सरण भरी राह्यनी. लोके काय म्हनतीन?" तो ओरडला. अक्का त्यावर नंतर धान्य निवडताना माझ्याजवळ बोलली. म्हणाली, मला माझ्या मरणाचं काही नाही, जळले काय, नाही जळले काय, मला कुठं कळणार आहे? पण हे पोरगं पुन्हा एकदा तसं तीन दिवस फिरलं तर ते माणसात राहणार नाही. मी त्याला फक्त कोरडी लाकडं देऊन जाईन. मला ते पटलं. पण अशी पटलेली गोष्ट आमच्या सासूबाईंसमोर बोलायची सोय नव्हती.

गंमत अशी की तिची ती पहिली खोली साफ फसली. खानदेशातल्या बाईला धान्य कसं ठेवायचं ते चांगलं कळतं. अक्कानं लाकडंही तशीच ठेवली. चारी बाजूंनी भिंती शेणमातीनं लिंपल्या, फटी बुजवल्या, आत राख आणि कडुनिंबाचा पाला टाकला, दारही लिंपून घेतलं. पावसाचा थेंब आत गेला नाही. पुढचा पावसाळा गेल्यावर दिवाळीत दार फोडलं तर आंबूस वास, ओंडक्यांवर पांढरी बुरशी, आणि खालच्या थराला उधई, म्हणजे वाळवी, लागलेली. धान्य झाकावं लागतं, लाकडाला वारा लागतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणार तरी कोण, कोणी असला उद्योग केलाच नव्हता. मी तोंडाला पदर लावून हसले. अक्कानं पाहिलं आणि म्हणाली, "हास. तूबी एक दिन मरशी." मग तीही हसली.

दुसऱ्या खेपेला ती मोतीलाल मिस्तरीकडे गेली. त्यानं आधी हात जोडले. सरणाचं घर मी बांधत नाही म्हणाला.

"तुले कोनी सांगं सरण शे म्हनीसन? बळतन शे," अक्का म्हणाली.

बळतन, म्हणजे चुलीचं सरपण. मोतीलालला तेवढा आधार पुरला. एकदा बांधायला घेतल्यावर मात्र त्यानं हात राखला नाही. खाली दगडी जोतं, त्यावर अंजनाच्या लाकडाचे खांब. अंजनाला उधई तोंड लावत नाही आणि करवतीचे दात जातात. वर सागाचे वासे. पिंपळनेरला केवलचंद शेठच्या दुकानातून जाड पत्रे बैलगाडीनं आणले. भिंती कमरेइतक्याच, त्याच्या वर बांबूच्या मोकळ्या पट्ट्या, म्हणजे वारा जाईल आणि पत्र्याच्या लांब पाख्यामुळे पावसाची झोड आत येणार नाही. सांध्यांना खिळे नाहीत, सगळीकडे लाकडी खुंट्या. वैशाखाच्या वावटळीत आमच्या गोठ्याचं छप्पर उडून नाल्यात गेलं, अक्काच्या छपरीचा एक पत्रा हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, यमाचंच घर ते, वारा कसा शिवेल.

वाल्मीक त्या छपरीकडे फिरकत नसे. एक ओंडका त्यानं आत ठेवला नाही की बाहेर काढला नाही. त्याच्या लग्नाचीही त्या छपरीनं वाट लावली. शिंदखेड्याकडचे एक पाहुणे हात धुवायला परसात गेले, हे काय म्हणून विचारलं, आणि आमच्या सासूबाई भिंतीपलीकडे तयारच होत्या. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. अक्काला तेव्हा फार लागलं. दोन दिवस ती छपरीचं दार धरून विचार करत होती की मोडून टाकावी की काय. शेवटी साक्रीकडची मुलगी मिळाली. तिच्या बापानं छपरी पाहिली, ओंडक्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, घरात इतकं कोरडं बळतन आहे, माझ्या पोरीचे डोळे धुरानं जाणार नाहीत. त्याला खरं कळलं नव्हतं की त्यानं कळून घेतलं नाही, देव जाणे. अक्कानं मात्र सून आल्यावर दोन वर्षं तिच्या चुलीला खरोखरच त्यातली लाकडं दिली.

मग एका झडीत गावात एक बाळंतीण गेली. तिचा दीर अक्काच्या दारात येऊन पावसात उभा राहिला. सरणाचं लाकूड कोणी मागत नाही, उसनंही नेत नाही, कारण उसनं नेलेलं परत करायचं कधी? समोरच्याच्या घरी कोणी मेल्यावरच ना. असलं फेडायचं कोणी तोंडानं म्हणत नाही. अक्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छपरीनी कडी काढी ले."

त्या दिवसापासून ती छपरी तिची एकटीची राहिली नाही. पावसाळ्यात रिकामी व्हायची, आणि उन्हाळ्यात अक्का पुन्हा पहिल्यापासून भरायला घ्यायची. ओला ओंडका नीट वाळायला दोन उन्हाळे लागतात, म्हणून तिची सारखी ओढाताण. पण फेडायचं नाही म्हणून गाव गप्प बसलं असं नाही. रानातून येणारी गाडी अक्काच्या दाराशी जरा थांबायची, एक ओंडका खाली पडायचा, आणि गाडीवान पुढे बघत म्हणायचा, "अक्का, चूलसाठे." अक्काही म्हणायची, "हा, चूलसाठेच." सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आमच्याकडची माणसं आभार मानत नाहीत, पण ओंडका टाकतात.

अशी बरीच वर्षं गेली. चौऱ्याण्णवच्या श्रावणात पांझरेचं पाणी चढलं आणि पाठोपाठ गावात गॅस्ट्रोची साथ आली. बाहेर झड, घरात हागवण आणि उलट्या. पहिली गेली शेतमजूर भिकाची बायको. दोन दिवसांनी वेशीजवळचा एक म्हातारा. दोघांनाही अक्काच्याच छपरीतलं लाकूड. अक्का स्वतः मिठासाखरेचं पाणी घेऊन घरोघर फिरत होती, नको म्हटलं तरी ऐकत नव्हती. आणि मग आमच्या सासूबाई पडल्या. अक्का त्यांच्या उशाशी बसून राहिली. दोघी बोलल्या नाहीत, पण भांडल्याही नाहीत. पहाटे सासूबाई गेल्या.

माझा नवरा भटू दारात उभा. अक्काकडे जायचं कोणत्या तोंडानं? ज्या बाईनं मरेपर्यंत त्या छपरीला शिव्या घातल्या, तिच्यासाठी तिथलंच लाकूड मागायचं. तो जाण्याआधी अक्काच परसात जाऊन कडी काढत होती. छपरीत आता एकाच सरणापुरतं लाकूड उरलं होतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाल्मीक त्या दारात आडवा उभा राहिला.

"यामातलं थोडं तरी ठेव, माय," तो म्हणाला. "तुनी उमर देख. साथ देख."

"मी इतलामा मरत नही."

"आनी मरनी तं?"

अक्कानं त्याचा हात दारावरून काढला. "मनासाठे तू शे ना," म्हणाली, आणि भटूला आत बोलावलं.

सासूबाईंचं सरण कोरडं, खणखणीत पेटलं. भटूनं येऊन सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि अक्काचं शेवटचं लाकूड आपण नेलं याची लाजही वाटली.

चौथ्या दिवशी अक्का पडली. डॉक्टरची गाडी यायला पूल पाण्याखाली. संध्याकाळी तिचे हातपाय गार पडले, आणि सकाळी उजाडता उजाडता ती गेली. पाऊस तसाच. परसात छपरी रिकामी. लोक रीतीप्रमाणे जमले, आणि ज्याच्या त्याच्या खांद्यावर तोच भिजलेला ओंडका. मी ओट्यावर बसून ते बघत होते, आणि मला इतका संताप आला की वाटलं, एकेकाच्या हातातून ते लाकूड काढून फेकून द्यावं. ज्यासाठी ही बाई बारा-तेरा वर्षं राबली, नेमकं तेच आता वाल्मीकच्या वाट्याला येणार होतं. तो ओट्याच्या खांबाला धरून उभा होता. त्याचा चेहरा एक्क्याऐंशी सालचाच होता.

मग तो परसात गेला आणि पहार घेऊन आला. छपरीच्या पहिल्या खांबावर त्यानं घाव घातला. कोणाला काही कळेना. भटूला कळलं, तो धावत जाऊन दुसऱ्या बाजूला लागला. म्हातारा मोतीलाल मिस्तरी गर्दीतून काठी टेकत पुढे आला. "खिया नहीत, खुट्या शेतस," तो म्हणाला. "उलटा बाजूथीन ठोक." एकेक खुंटी सुटत गेली. इतकी वर्षं पत्र्याखाली वाळलेले अंजनाचे खांब, सागाचे वासे, बांबूच्या पट्ट्या, सगळं गोणपाटात झाकून स्मशानात गेलं. पत्रेही गेले. पुढचं मला भटूनं सांगितलं. माणसांनी चार ओले सोट जमिनीत रोवले, त्यांवर पत्रे टाकले आणि खाली सरण रचलं. वरून पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि खाली जाळ असा धरला की लोकांना मागे सरकावं लागलं.

स्मशानात नेलेली वस्तू कोणी घरी आणत नाही. पत्रे तिथेच राहिले. पुढे गावानं ओल्या सोटांच्या जागी लोखंडी खांब बसवले, आणि आता झड असो नाहीतर वादळ, आमच्या गावात कोणाचं सरण भिजत नाही.

त्या दिवशी अंधार पडायच्या आत वाल्मीक घरी आला. दोन्ही घरांना सुतक, म्हणून माझ्या हातची पिठलं-भाकरी चालून गेली. मी ताट ठेवलं. त्यानं हात धुतले, भाकरी मोडली आणि खायला लागला. अर्ध्यावर थांबून म्हणाला, "वहिनी, आते फक्त राख सावडाले जानं शे." मग पुन्हा जेवू लागला. मी आत आले आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले.